पाच हजार पौंड ओढणारी गाडी, सात माणसं आणि भावाने पसंत केलेला ट्रेलर

प्रतापनगरकर

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, पण आकडे दिल्याशिवाय नीट उत्तर मिळणार नाही, म्हणून सगळंच सांगते.

माझा भाऊ डेन्व्हरला असतो. जूनमध्ये आम्ही नागपूरहून चौघं त्याच्याकडे चाललोय: आई, बाबा, माझे मिस्टर आणि मी. तिकडे तो, वहिनी आणि चौदा वर्षांचा भाचा. आईबाबांना रॉकी पर्वत फिरवून आणायचा हे त्याच्या मनात फार वर्षांपासून आहे. पण आईच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय. रोज नवं हॉटेल, नवा पलंग, नवं बाथरूम हे तिला झेपत नाही. म्हणून त्याने ट्रॅव्हल ट्रेलर घ्यायचं ठरवलं. चाकांवरची खोलीच ती. पलंग, ओटा, संडास सगळं आत, गाडीमागे जोडायची आणि निघायचं.

त्याची एसयूव्ही तीन रांगांची आहे. माहितीपत्रकात लिहिलंय की ५,००० पौंड ओढते, म्हणजे २,२६८ किलो. पसंत केलेल्या ट्रेलरचं रिकामं वजन ३,९०० पौंड, म्हणजे १,७६९ किलो. विक्रेता म्हणाला, "अकराशे पौंड हातात राहतात, डोळे मिटून घ्या." भाऊ आता टोकन द्यायला निघालाय.

मी शाळेत गणित शिकवते, गाड्यांतलं मला फारसं कळत नाही. पण रिकामा ट्रेलर घेऊन फिरायला कोण जातं, हे काही माझ्या मनातून जाईना. रविवारी घरातल्या वजनकाट्यावर सगळ्यांना एकेक करून उभं केलं. आई ५८, बाबा ७१, मिस्टर ७९, मी ६६. आईने आधी चपला काढल्या, मग चष्मा काढला, मग हातातल्या पाटल्या काढून माझ्याकडे दिल्या आणि तेव्हा कुठे काट्यावर चढली. तिकडचे तिघं ८२, ६४ आणि ५५. एकूण ४७५ किलो. बॅगा वेगळ्याच. माणशी २३ किलोच्या दोन धरल्या तर चौघांच्या १८४ किलो होतात. त्यातल्या निम्म्या डेन्व्हरलाच ठेवू.

हे ४७५ किलो कुठल्या हिशोबात धरायचे? भाऊ म्हणतो, गाडी सात जणांचीच आहे, त्यात काय धरायचं. त्याला ड्रायव्हरच्या दाराजवळच्या पट्टीचा फोटो पाठवायला सांगितलं. त्यावर आहे की माणसं आणि सामान मिळून १,४३० पौंडांच्या वर जाऊ नये, म्हणजे ६४९ किलो. ट्रेलर जोडल्यावर हा आकडा तोच राहतो का? आणि ट्रेलरचा काही भार गाडीवर येतो का? भावाने दोन वर्षं पैसे साठवलेत. त्याला नुसत्या माझ्या धास्तीपायी थांबवायचं माझ्या जिवावर येतंय.

रॉकीतला विदर्भकर

ताई, टोकन थांबवायला सांगा. आजच फोन करा.

तुम्ही नेमका बरोबर आकडा धरलाय. दारावरची ती पट्टी म्हणजे पेलोड. ट्रेलर जोडला तरी तो बदलत नाही. उलट ट्रेलरचा पुढचा दांडा गाडीच्या हिचवर, म्हणजे ट्रेलर अडकवायच्या मागच्या जोडावर, जेवढा दाबतो, तेवढं वजन त्याच ६४९ मधून जातं. त्याला टंग वेट म्हणतात. भरलेल्या ट्रेलरच्या १० ते १५ टक्के ते असावंच लागतं. कमी ठेवलं तर ट्रेलर डुलतो.

५,००० चा आकडा खोटा नाही, पण तो तुमच्या कुटुंबाचा नाही. इथे बहुतेक कंपन्या एसएई या वाहन अभियंत्यांच्या संस्थेने ठरवलेल्या जे२८०७ पद्धतीने गाडी तपासतात. ॲरिझोनात डेव्हिस डॅमचा घाट आहे, त्या चढावर एसी पूर्ण चालू ठेवून ट्रेलर ओढायचा. त्या हिशोबात गाडीत माणसं धरतात दोन, प्रत्येकी १५० पौंड, म्हणजे ६८ किलो. तुमच्या गाडीत सात जण आहेत. काही गाड्यांच्या पुस्तिकेत किती माणसं बसल्यावर किती ओढायचं याचा तक्ताच असतो. भावाला पुस्तिकेचं ते प्रकरण पूर्ण वाचायला सांगा.

आता तुमचाच हिशोब पुढे नेतो. माणसं ४७५. हिचचं लोखंड आणि भार वाटून देणाऱ्या पट्ट्या मिळून ४०. गाडीत हाताशी लागणाऱ्या पिशव्या, बर्फाची पेटी, आईंची घडीची खुर्ची, ६० धरा. झाले ५७५. ६४९ मधून उरले ७४ किलो.

ट्रेलरकडे या. रिकामा १,७६९. पाण्याची टाकी ३० गॅलनची असली तर ११३ किलो. गॅसच्या दोन टाक्या आणि बॅटरी साधारण ६०, आणि रिकाम्या वजनात त्या कित्येकदा धरलेल्याच नसतात. भांडी, अंथरुणं, किराणा, उरलेल्या बॅगा यांचे २५० सहज होतात. म्हणजे २,१९० च्या आसपास. त्याच्या १२ टक्के २६३ किलो. तुमच्याकडे जागा आहे ७४ ची. आणि ५,००० पौंडांच्या हिचवर टंग वेटची मर्यादा बहुधा ५०० पौंडच असते, म्हणजे २२७ किलो. तीही ओलांडली.

भार वाटणाऱ्या पट्ट्या लावल्या की पेलोड वाढतो, असं कोणी सांगेल. वाढत नाही. त्या मागच्या चाकांवरचा थोडा भार पुढच्या चाकांवर आणि ट्रेलरच्या चाकांवर सरकवतात, गाडी सपाट उभी राहते, बस. शिवाय काही एसयूव्हींना त्या चालतच नाहीत, पुस्तिकेत स्पष्ट मनाई असते.

माझं स्वतःचं सांगतो, कारण मी ही चूक केली आहे. चार वर्षांपूर्वी प्वेब्लोकडे जाताना ट्रेलरच्या मागच्या बंपरवर दोन सायकली टांगल्या होत्या, आणि पाण्याची टाकी मागच्या बाजूला, तीही काठोकाठ भरलेली. उतारावर एक मोठा ट्रक बाजूने गेला आणि आरशात ट्रेलर आधी डावीकडे, मग उजवीकडे, मग आणखी उजवीकडे गेलेला दिसला. स्टिअरिंग हातात असून गाडी माझी राहिली नव्हती. मागे बायको आणि दोन मुली. ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला, स्टिअरिंग सरळ धरून ठेवलं, गाडीचा ब्रेक दाबला नाही, आणि फक्त ट्रेलरचा ब्रेक लावायची जी खिट्टी असते ती हाताने हळू दाबली. तेव्हा तो सावरला. पुढच्या थांब्यावर मी अर्धा तास नुसता बसून होतो. त्या दिवसापासून काट्यावर वजन केल्याशिवाय मी निघत नाही.

आणि तुम्ही चाललात रॉकीत. आयसेनहॉवर बोगदा ११,००० फुटांच्या वर आहे, म्हणजे चिखलदऱ्याच्या तिप्पट उंची. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर हजार फुटांमागे साधारण ३ टक्क्यांनी घटते. चढ तरी रडतखडत चढून जाल, उताराचा विचार जास्त करा.

काटोलचे काका

बाई, मी हिंगण्याच्या एसटीच्या कार्यशाळेत ३१ वर्षं काढली, अन् त्याच्या आधी घरची बंडी हाकली. अमेरिकेत काही गेलो नाही. पण वरचे भाऊ जे सांगून राहिले, ते आमच्या बंडीचंच गणित होय.

बंडीत पऱ्हाटी भरताना माझा बाप खाली उभा राहून सांगे, आसाच्या पुढं टाक, मागं नको. मागं जास्त झालं का बंडी उलार होते. जू वर उचलते, बैलाच्या गळ्यातला पट्टा आवळते, बैल पुढचे पाय टेकवू शकत नाही. अन् पुढं फार झालं तर जू मानेवर दाबते, मान सोलून निघते. जुवाखाली हात घालून उचलून पाहायचं. जड लागलं पाहिजे, पण उचललं गेलं पाहिजे. तुमचं ते टंग वेट म्हणजे जुवावरचा दाब. तुमच्या गाडीची मागची चाकं म्हणजे बैलाची मान.

भावाले सांगा, घरी मोजता येते. तीन फुटांची मजबूत फळी घ्या. एक टोक विटेवर, दुसरं टोक घरच्या वजनकाट्यावर. ट्रेलरच्या पुढच्या दांड्याचा टेकू फळीवर ठेवा, विटेपासून एक फूट अन् काट्यापासून दोन फूट. काटा जे दाखवीन त्याची तिप्पट करा. फळी सपाट पाहिजे अन् ट्रेलरच्या चाकाले दोन्हीकडून ओट, म्हणजे अडसर, लावलेली पाहिजे. हात फळीखाली घालू नका.

टायरवाला_वाडी

काकांनी मुद्द्याचं सांगितलं. दोन गोष्टी राहिल्या. ट्रेलरच्या खास टायरवर वेगळा वेग छापलेला नसेल तर ताशी ६५ मैलांच्या वर पळवू नये, बाकी गाड्या कितीही पळोत. आणि तिकडे बऱ्याच राज्यांत ३,००० पौंडांपुढच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक लागतात. ट्रेलरला ब्रेक असले तरी ते चालवणारा कंट्रोलर गाडीत वेगळा बसवावा लागतो, तो बसवलाय का विचारा. आई दमल्या तर चालत्या ट्रेलरमध्ये आडव्या होतील असं कोणाच्या मनात असेल तर ते आत्ताच काढून टाका. बऱ्याच राज्यांत त्याला मनाई आहे, आणि नसती तरी नकोच.

प्रतापनगरकर

सगळ्यांचे मनापासून आभार. आईच्या झोपायचं खरंच आमच्या बोलण्यात आलं होतं. बरं झालं सांगितलंत.

भावाला मी काहीच समजावलं नाही. हा धागाच वाचायला दिला. रात्री त्याचा फोन आला, बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "ताई, मी आईला मागच्या सीटवर बसवणार होतो." टोकन दिलेलं नाही.

आता असं ठरलंय. ट्रेलर लहान घ्यायचा, भरून जास्तीत जास्त ३,८०० पौंड, म्हणजे १,७२४ किलो. दुसरी एक साधी कार भाड्याने घ्यायची. ती वहिनी चालवेल, त्यात आई, बाबा आणि मी. एसयूव्हीत भाऊ, मिस्टर आणि भाचा, २१६ किलो. रात्री ट्रेलरमध्ये आईबाबा आणि मी, बाकीचे तंबूत. खर्च वाढला, पण मोठा ट्रेलर न घेतल्याने वाचलेल्या पैशांत भाडं भागतंय.

विकत घेण्याआधी त्याने त्याच मापाचा ट्रेलर दोन दिवस भाड्याने आणला. पाणी, गॅस, भांडी, अंथरुणं सगळं भरलं आणि ट्रक थांबतात तिथल्या काट्यावर नेला. आधी जोडून वजन केलं, मग ट्रेलर सोडून नुसत्या गाडीचं. दोन्ही वेळी भार वाटणाऱ्या पट्ट्या काढून ठेवल्या होत्या. गाडीच्या चाकांवर जो फरक पडला ते टंग वेट: १९८ किलो. ट्रेलर पूर्ण भरून १,६४० चा, म्हणजे बरोबर १२ टक्के. २१६, ४०, ६० आणि १९८ मिळून ५१४ होतात. ६४९ मधून १३५ शिल्लक. मागच्या आसाची वेगळी मर्यादा दारावरच लिहिलेली असते, तीही तपासली, आत आहे.

काका, तुमची फळीची युक्ती भाच्याने घरी करून पाहिली. त्याच्या काट्यावर ६५ आले, तिप्पट १९५. तीन किलोंचा फरक. त्याने ट्रेलरच्या आत फरशीवर आस जिथे येतो तिथे आडवी निळी चिकटपट्टी लावून ठेवलीय आणि मला फोटो पाठवलाय. जड सामान पट्टीच्या पुढे. आईने न्यायला काढलेला सांडगे आणि तिखटाचा डबा साडेचार किलोचा भरला, तोसुद्धा कुठे ठेवायचा ते त्याने खुणेने दाखवलंय.