मंदीतली फेरारी आणि ‘चाकांवरचं सोनं’: एक सविस्तर असहमती

घाटवळण

सुवर्णचाक यांचा ‘चाकांवरचं सोनं’ हा कालचा लेख वाचला. ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी सार: मंदी आली तरी चांगल्या स्पोर्ट्स कारचा भाव पडत नाही, गाडीची किंमत म्हणजे तशाच गाडीचा लिलावातला शेवटचा आकडा, आणि रनिंग जितकं कमी तितका भाव चढा. तिथेच प्रतिसाद लिहायला घेतला होता, पण तो लेखापेक्षा लांबला. म्हणून हा धागा.

आधी तो ‘शेवटचा आकडा’. बडी लिलावगृहं छापतात तो आकडा हातोडा पडला तिथला नसतो, गिऱ्हाइकाकडून घेतलेलं १०-१२ टक्के कमिशन त्यात मिसळलेलं असतं. उलट ब्रिंग अ ट्रेलर या ऑनलाइन लिलावाच्या संस्थळावर दिसते ती नुसती बोली, फी वेगळी. हे दोन आकडे शेजारी ठेवून सरासरी काढणं म्हणजे एकाने किलोत आणि दुसऱ्याने पौंडात मोजलेली साखर एकत्र करणं.

उदाहरणच घेऊ. समजा फेरारीची एक एफ३५५ बर्लिनेटा (बंद छपराची), गेटवाली मॅन्युअल, म्हणजे धातूच्या खाचांतून हाताने गिअर टाकायची, १,३०,००० डॉलरला ‘गेली’. १२ टक्के काढले की हातोडा १,१६,००० ला. विकणाऱ्याचं कमिशन ८ टक्के धरा (ठरवण्यावर असतं), गाडी ट्रेलरवर घालून लिलावापर्यंत न्यायचे दीडेक हजार. मालकाच्या हातात पडले १,०५,००० च्या आसपास. म्हणजे ‘माझी गाडी १,३० ची’ म्हणणाऱ्याने पहिल्याच पायरीवर पंचवीस हजार हवेत धरलेत.

आता गाडीकडे या. ३५५ चे टायमिंग बेल्ट बदलायला इंजिन खाली उतरवावं लागतं, कारण बेल्ट केबिनच्या मागच्या भिंतीला चिकटून आहेत. ते काम साधारण १० ते १२ हजार डॉलरचं. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या नळ्या) दुहेरी पत्र्याचे, आतली नळी तडकते आणि बाहेरून काही दिसत नाही. थंड इंजिन सुरू केल्यावर टक-टक ऐकू आली तर समजा गेले, आणखी पाच-सहा हजार. टायर दीड-दोन. आतली बटणं चिकट झालेली असणारच, ती साफ करून परत रंगवायची. सगळं धरून वीस हजार. तेजीत गिऱ्हाईक हे पोटात घालतो, कारण उद्या भाव वर जाणार असतो. मंदीत प्रत्येक बिल तो बोलीतून वजा करतो. तुमची १,३० ची गाडी ८५ हजारांवर आली, आणि बाजार अजून एक टक्काही पडलेला नाही!

तिसरी गोष्ट. भाव पडायला लागले की ज्यांना घाई नाही ते गाडी बाजारात आणतच नाहीत. मग विकल्या जातात त्या एकतर फार चांगल्या, नाहीतर पैशाची निकड असलेल्यांच्या. यादीतली सरासरी काही महिने जागची हलत नाही आणि लोक म्हणतात, बघा, भाव टिकलाय. टिकलेला नसतो, मालाला उठाव नसतो. म्हणून विकलेल्यांइतक्याच न विकलेल्या गाड्या बघा. रिझर्व्ह, म्हणजे विकणाऱ्याने ठरवलेली किमान किंमत, न गाठता थांबलेली बोली म्हणजे कुणीतरी खिशात हात घालून सांगितलेला भाव. विकणाऱ्याला तो पटला नाही, एवढंच.

कमी रनिंगबद्दल लिहिणार होतो, पण टंकनकष्ट. नंतर.

सुवर्णचाक

माझ्या एका लेखावर एवढे कष्ट घेतल्याबद्दल आभार. पण ३५५ सारखी ११ हजारांच्या वर बनलेली गाडी घेऊन तुम्ही ‘संग्राह्य’ शब्दच खाली ओढलात. मे २००९ आठवतंय? लेहमन बँक बुडून आठ महिने झालेले, जग हातपाय गाळून बसलेलं. त्या वेळी फेरारीच्या गावी, मारानेलोला, झालेल्या लिलावात १९५७ ची फेरारी २५० टेस्टा रोसा ९० लाख युरोंच्या वर गेली, तो तेव्हाचा लिलावातला विक्रम होता. याला पडणं म्हणायचं असेल तर मी रोज पडायला तयार आहे.

घाटवळण

म्हणा की. मग १९९० पण म्हणा. फेरारीचीच २५० जीटीओ, एकूण ३६ नग, याहून संग्राह्य काय दाखवू? १९८९ च्या तेजीत एक कोटी डॉलरच्या पुढे गेली होती. १९९४ ते ९६ दरम्यान २५-२७ लाखांपर्यंत खाली. पुढे २०१८ ला ४ कोटी ८४ लाख झाले हे खरं, पण ८९ ला कर्ज काढून घेणाऱ्याला बँक २०१८ पर्यंत थांबली नसती.

आणि २००९ ला भाव का टिकला तेही लिहा ना. डिसेंबर २००८ मध्ये अमेरिकेत व्याजदर शून्याला टेकले. बँकेत पैसे ठेवून काही मिळेना, म्हणून रोकड असलेले लोक वस्तूंकडे वळले. १९९० ला उलटं. जपानने दीड वर्षाच्या आत दर अडीचवरून ६ टक्क्यांवर नेला, आणि फेरारी एफ४० च्या नुसत्या बुकिंगवर सट्टा खेळणारे एका रात्रीत विकायला निघाले. २०२२-२३ ला अमेरिकेत दर शून्यावरून सव्वापाचच्या वर गेला. दोन लाखांची गाडी गॅरेजात उभी ठेवण्याचं नुसतं व्याज वर्षाला दहा हजार, विमा आणि जागा वेगळी. मंदी मंदीत फरक असतो हो. आधी व्याजदर बघा, मग गाडी.

लंडनकर

तुम्ही दोघं डॉलरमध्येच भांडताय. नोव्हेंबर २००७ ला एका पौंडाला २.१० डॉलर मिळत होते, जानेवारी २००९ ला १.४० च्याही खाली. इथल्या डीलरने पौंडातला भाव एक पेनी न हलवता डॉलरवाल्याला गाडी तेहतीस टक्के स्वस्त झाली. युरोपातून लोक येऊन उजव्या स्टिअरिंगच्या गाड्यासुद्धा उचलून गेले. आता सांगा, भाव पडला की नाही पडला?

शिवाय विलायतेत मोटारगाडी ‘झिजणारी वस्तू’ धरतात. धंदा म्हणून करत नसाल तर नफ्यावर कॅपिटल गेन्स टॅक्स नाही. मग शेअर विकण्याआधी माणूस गाडी विकतो. हे कुठल्याच किंमतयादीत येत नाही. मी हे चौथ्यांदा लिहितोय या संस्थळावर. असो.

मायक्रॉन

लंडनकर, पाचव्यांदाही लिहा, कुणी वाचणार नाही. :)

घाटवळण यांनी जो मुद्दा टाळला तोच खरा. कमी रनिंग. ‘चोवीस वर्षांत २,९०० मैल’ अशी जाहिरात दिसली की मी आधी वजाबाकी सुरू करतो. उभ्या गाडीत काय होतं ते ऐका. बेल्ट मैलांवर नाही, वर्षांवर मरतो. पुलीवर एकाच जागी वाकलेला राहून तिथेच कडक होतो. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं आणि कॅलिपर आतून गंजतात. एसी कॉम्प्रेसरचं शाफ्ट सील कोरडं पडून गॅस निघून जातो. पेट्रोल जुनं होऊन इंजेक्टरमध्ये डिंकासारखं बसतं. टायरची नक्षी नवी दिसते, पण बाजूचा चार आकडी शिक्का ‘२३०९’ असेल तर तो २००९ च्या तेविसाव्या आठवड्यातला टायर आहे. त्यावर वेगाने जाणारा माणूस विम्यापेक्षा देवावर विसंबतो.

आणि सगळ्यात वाईट मालक तो, जो दर रविवारी गॅरेजात दहा मिनिटं इंजिन सुरू ठेवतो. ऑइल गरमच होत नाही, जळण्यातून झालेलं पाणी आणि न जळलेलं पेट्रोल त्यात साचत राहतं. महिन्यातून एकदा अर्धा तास रस्त्यावर काढा, ऑइल ९० अंशांच्या वर जाऊ द्या, नाहीतर हात लावू नका.

सुवर्णचाक

बेल्ट, टायर, ब्रेक ऑइल, इंजेक्टर: यातली प्रत्येक गोष्ट पैसे टाकून नवी मिळते. कारखान्यातून निघालेला मूळ रंग मिळतो का? मूळ चामड्याची शिवण? टूल किट, पाऊचातली पुस्तकं, पहिल्या डीलरचा शिक्का? गाडी मूळ रूपात एकदाच असते. कमी रनिंगचा जास्तीचा भाव त्या मूळपणाचा आहे, इंजिनाच्या तब्येतीचा नाही. हे मायक्रॉन यांना कळत नसेल असं नाही, पण मेकॅनिकच्या नजरेला पाना सोडून काही दिसत नाही.

मायक्रॉन

पाना नाही, रंगाची जाडी मोजायचा मीटर. नावच आहे.

मूळ रंग म्हणता ना? कारखान्याचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). २०० च्या वर गेलात की पुन्हा मारलेला, ५०० च्या वर म्हणजे खाली पुट्टी. प्रत्येक पॅनेलवर पाच जागी मोजा, कडा सोडून. ॲल्युमिनियमला दोन्ही धातू ओळखणारा मीटर लागतो, साधा चुंबकवाला तिथे गप्प बसतो. एफ४० च्या कॉम्पोझिट, म्हणजे विणलेल्या धाग्यांच्या, अंगाला तर ध्वनिलहरींवर चालणारा अल्ट्रासोनिकच. त्या गाडीचा रंग इतका पातळ की खालची वीण दिसते. वीण दिसत नसेल तर तुमचा ‘मूळपणा’ कुणीतरी नंतर फवाऱ्याने मारलाय.

आणि मैलांवर एवढा विश्वास? त्या काळातल्या फेरारींचा स्पीडोमीटर सुटा करून गाडी चालवणं ही काय गुपित गोष्ट आहे का? ओडोमीटर हा पुरावा नाही, दावा आहे. बिलांवरचे मैल तारखेच्या क्रमाने लावा. क्लच पेडलचं रबर, सीटची डावी कड, स्टिअरिंगच्या दहा-दोनच्या जागेवरचं चामडं बघा. ४,००० मैलांच्या गाडीचं पेडल गुळगुळीत असेल तर उठून या.

सुवर्णचाक

म्हणजे खोट्या मैलांच्या गाड्या असतात म्हणून खऱ्या मैलांना किंमत नाही? काय तर्कशास्त्र आहे! खोट्या नोटा असतात म्हणून पगार नाकारता का?

मायक्रॉन

नोट उजेडात धरून बघतो. तुम्ही लेखात तेवढंही सांगितलं नाहीत. त्यावर विसंबून उद्या कुणी घराचे पैसे घालेल.

श्टुटगार्टकर

जरा श्वास घ्या दोघं. पोर्शेत हा वाद पाच मिनिटांत मिटतो. ९११ च्या ९९७ या पिढीपासून इंजिनाच्या कंट्रोल युनिटमध्ये ओव्हर-रेव्हचे (इंजिन मर्यादेपेक्षा जोरात फिरल्याचे) सहा टप्पे नोंदलेले असतात, सोबत इंजिन किती तास चाललं तेही. पहिले तीन टप्पे भरलेले असले तर हरकत नाही, कुणीतरी गाडी मजेत पळवलीय. चार ते सहा म्हणजे पाचवा गिअर टाकायच्या ऐवजी तिसरा पडला. तिथे नोंद असेल तर शेवटची नोंद इंजिनाच्या कितव्या तासाला झाली ते बघा. अलीकडची असेल तर लीकडाऊन (सिलिंडरमधून हवा गळते का ती चाचणी) केल्याशिवाय बयाणा देऊ नका.

मैलांसाठी सोपं गणित: ओडोमीटरचे किलोमीटर भागिले इंजिनाचे तास. ४०-५० आलं तर ठीक. ९,००० किलोमीटर आणि ६०० तास म्हणजे ताशी १५. एवढ्या वेगाने पोर्शे फक्त मुंबईत चालते.

कमी रनिंगवर माझं म्हणणं वेगळं आहे. मंदीत घेणारे दोनच प्रकारचे उरतात, चालवणारे आणि कायमचे ठेवणारे. मधला, दोन वर्षांनी नफ्यात काढू म्हणणारा, आधी पळतो. त्याला हवी असायची ती ‘बऱ्यापैकी कमी’ मैलांची गाडी, ना चालवायला मोकळी ना संग्रहालयात ठेवण्याएवढी कोरी. तीच सगळ्यात जास्त आपटते. अगदी कोरी टिकते, नीट चालवलेली बिलांवर टिकते.

अवांतर: पोर्शेची करेरा जीटी घेणाऱ्यांनी २०२३ चा सस्पेन्शनच्या जॉइंटचा रिकॉल झालाय का ते विचारा. ‘गाडी चालवूच नका’ असं कंपनीनेच अमेरिकेतल्या मालकांना कळवलं होतं. रिकॉल न झालेली गाडी किती का मैलांची असेना, तोवर ती पुतळा आहे.

कट्ट्यावरचा

मूळ धागा मंदीत किंमत कशी काढायची यावर होता ना? इथे टायरचे शिक्के वाचायला लागले. चालू द्या, मी चहा ठेवतो.

घाटवळण

श्टुटगार्टकरांचा ‘मधला माणूस’ पटला. माझ्या हिशोबात तो नव्हता. सुवर्णचाक यांचं टेस्टा रोसाचं उदाहरणही त्यात बसतं, हे नाइलाजाने नोंदवतो. पण मग त्यांनी लेखात ‘चांगली गाडी पडत नाही’ ऐवजी ‘ज्यांना विकायची गरज नाही त्यांची गाडी पडत नाही’ असं लिहावं. बर्फात ठेवलेला मासा नासत नाही, पण ते माशाचं कौतुक नसतं.

सुवर्णचाक

वा, कोळीवाड्यापर्यंत आलो. ठीक आहे: कमिशन वेगळं करायला हवं होतं, आणि थकलेल्या कामांची बिलं वजा करायला हवी होती. लेखात दुरुस्ती करतो. ३५५ पुरतं मान्य. मैलांवर अजिबात नाही. एक एफ४० विक्रीला आलीय, कमी मैलांची, एक मालक. तिच्यावर वेगळा धागा काढतो, मग बघू कोण काय वजा करतं.

मायक्रॉन

काढा. पण आधी पेट्रोलच्या दोन टाक्यांवरच्या तारखेचा फोटो लावा. रबराच्या पिशव्या आहेत त्या, दहा वर्षांनी बदलाव्या लागतात, गाडी हलली असो वा नसो.

सुवर्णचाक

विचारलं विक्रेत्याला. म्हणतो, ‘मूळच्या आहेत, कारखान्यातल्या.’

मायक्रॉन

:)