डाव्या हाताचा पियानो म्हणजे अर्धा पियानो का?

मंजूषा_ठाणे
लेक तेरा वर्षांची, पियानो शिकते. सायकलवरून पडली, उजवं मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. तिच्या बाईंनी क्लास बंद करू दिला नाही. डाव्या हाताचा एक छोटा तुकडा दिला आणि सांगितलं की लिऑन फ्लायशर नावाचे अमेरिकन पियानिस्ट कितीतरी वर्षं डाव्याच हाताने वाजवत होते. माझा प्रश्न भाबडा वाटेल, पण हे खरंच मैफिलीचं संगीत असतं, की बिचारा एका हाताने वाजवतोय म्हणून लोक टाळ्या देतात? लेक रुसली आहे. "अर्धा पियानो" म्हणते.

भाता_मिरज
ताई, मी पेटीवाला. भजनाला साथ करतो, पियानोला आयुष्यात दोनदा हात लावला असेल. पण आम्ही जन्मभर एकाच हाताने वाजवतो, दुसरा भात्यावर. अर्धी पेटी असं अजून कोणी म्हटलेलं नाही, हे लेकीला सांगा.

फ्लायशरपर्यंत मी माझ्या बोटांमुळे पोचलो. बारा-तेरा वर्षांपूर्वी तान घेताना उजवी करंगळी आणि अनामिका आत वळायला लागली. शर्टाची बटणं लावताना काही नाही, नारळ खवताना काही नाही, पेटीवर बसलं की दोघी तळहातात जाऊन लपायच्या. एका डॉक्टरांनी मानेचा मणका म्हणून पट्टा दिला, तो आठ महिने घातला. मला वाटलं रियाज कमी पडतोय, म्हणून दुप्पट केला आणि दुखणं आणखी वाढवून घेतलं. पुढे मेंदूच्या डॉक्टरांनी नाव सांगितलं : फोकल डिस्टोनिया. बोट धडधाकट असतं, त्याला मेंदूकडून जाणारा हुकूमच चुकतो. काहींचा हात फक्त लिहितानाच आखडतो, त्यातलाच प्रकार.

फ्लायशरना झालं ते हेच, तीच दोन बोटं, तोच हात. माणूस केवढा होता ते बघा. जन्म १९२८, सॅन फ्रान्सिस्को. नवव्या वर्षी थोर पियानिस्ट आर्टुर श्नाबेलकडे शिकायला इटलीत. श्नाबेलचे गुरू लेशेटिट्स्की, त्यांचे चेर्नी, चेर्नीचे बेथोव्हन. घराणं म्हणतात ते हे! सोळाव्या वर्षी न्यूयॉर्क फिलहार्मोनिकबरोबर ब्राम्सचा डी मायनर कॉन्चेर्टो (पियानो आणि ऑर्केस्ट्रा यांची मोठी रचना). १९५२ साली ब्रसेल्सची क्वीन एलिझाबेथ स्पर्धा जिंकणारे पहिले अमेरिकन. मग क्लीव्हलंडला ऑर्केस्ट्रा-संचालक जॉर्ज सेलबरोबर बेथोव्हनचे पाचही कॉन्चेर्टो ध्वनिमुद्रित केले. आणि १९६४-६५च्या सुमारास, छत्तिशीत, बोटं वळली.

इंजेक्शनं, संमोहन, अॅक्युपंक्चर, सगळं करून झालं. जीव द्यायचेही विचार आले. दाढी वाढवली, केसांची शेपटी बांधली, व्हेस्पा घेतली. (व्हेस्पाचं वाचून मला फार बरं वाटलं. मी त्या काळात बुलबुलतरंग घेतला होता.) त्यातून शिकवणं वाढलं, ऑर्केस्ट्राचं संचालन सुरू झालं आणि डाव्या हाताच्या रचना हाती आल्या. १९८२ साली बाल्टिमोरच्या नव्या सभागृहाच्या उद्घाटनाला ते दोन्ही हातांनी वाजवायला बसले. ठरलेला बेथोव्हन बदलून सेझार फ्रांकची रचना घेतली. लोक खूश, हे नाखूश. पुन्हा डावा हात. १९९०च्या दशकात बोटॉक्सची इंजेक्शनं आणि स्नायूंचं खोल मालिश यांनी बोटं थोडी सुटली, आणि २००४ साली 'टू हँड्स' हे दोन्ही हातांचं ध्वनिमुद्रण आलं, त्यात शूबर्टचा शेवटचा सोनाटा. आजार मात्र गेला नव्हता, त्याला सांभाळून घेणं जमलं होतं. २०२० साली वारले.

श्रुतिभेद
टाळ्या दयेच्या नसतात, ताई. डाव्या हाताचा अंगठा वरच्या स्वरांच्या बाजूला येतो. म्हणजे सगळ्यात दणकट बोट चाल गातं, बाकीची चार खर्ज सांभाळतात, आणि पेडल दाबला की खर्ज घुमत राहतो, तेवढ्यात हात वर जाऊन येतो. उजव्या हाताला हे साधत नाही, तिथे चाल करंगळीकडे जाते.

ब्राम्सने बाखच्या 'शाकोन' या व्हायोलिनच्या रचनेचं डाव्या हातासाठी रूपांतर करून १८७७ साली पियानिस्ट क्लारा शूमानला पाठवलं. योगायोग असा की तिच्या उजव्या हाताची शीर तेव्हाच ताणली गेली होती.

पॉल विट्गेनश्टाइनने (तत्त्वज्ञ लुडविगचा भाऊ) पहिल्या महायुद्धात उजवा हात गमावला, सैबेरियातल्या युद्धकैद्यांच्या छावणीत लाकडी खोक्यावर बोटं चालवली. पैसा घरचा, म्हणून बड्याबड्यांकडून रचना लिहवून घेतल्या. रावेलचा कॉन्चेर्टो त्यातलाच. हिंदेमिथने १९२३ साली दिलेला मात्र त्याने न वाजवता ठेवून दिला. त्याच्या पत्नीच्या निधनानंतर तो सापडला, आणि २००४ साली बर्लिनमध्ये पहिल्यांदा वाजवला कोणी? फ्लायशरनीच.

रावेल लेकीला आत्ता जड जाईल. स्क्रियाबिनच्या ओपस ९ मधलं डाव्या हाताचं नॉक्टर्न (रात्रीच्या भावाची संथ रचना) लावा. तेही उजवा हात दुखावल्यावरच लिहिलेलं. व्हिडिओ नको, नुसतं ऐकवा.

मंजूषा_ठाणे
लावलं. लेकीने मधेच विचारलं, "दुसरा कोण वाजवतोय?" मग व्हिडिओ दाखवला तर माझ्यावरच चिडली, फसवलंस म्हणून. पण रात्री जेवणाच्या टेबलावर अंगठा आपटत होती. मिरजेच्या आजोबांची बोटं आता कशी आहेत, हे विचारायला सांगितलंय.

भाता_मिरज
वळतात. वरचा सा मधल्या बोटाने घेतो. विलंबितात कोणाला कळत नाही, द्रुतात गायकाला कळतं आणि तो माझ्याकडे बघायचं टाळतो. आणि तिला म्हणावं आजोबा नाही, काका.