एका सेकंदाच्या शर्यतीतून अभियंते घडतात का?

खटपट
गेली सहा वर्षं मी शाळेतल्या मुलांना छोट्या रेसकारच्या स्पर्धेसाठी तयार करतोय. आधी 'फॉर्म्युला वन इन स्कूल्स' आणि आता 'स्टेम रेसिंग' म्हणतात तीच स्पर्धा. 3 ते 6 मुलांचा संघ संगणकावर आराखडा करतो, हलक्या ठोकळ्यातून वीतभर लांबीची गाडी सीएनसी यंत्रावर (संगणकाने चालणाऱ्या कोरणी यंत्रावर) कोरून घेतो आणि मागे कार्बन डायऑक्साइडचं 8 ग्रॅमचं नळकांडं बसवतो. ट्रॅक सरळ, 20 मीटर. चांगली गाडी तो साधारण एका सेकंदात पार करते, म्हणजे सरासरी वेग ताशी 72 किलोमीटर.

मुलांना अभियांत्रिकीची गोडी लावायला याहून चांगला मार्ग मला सापडलेला नाही. एक प्रसंग सांगतो. सराव संपल्यावर आठवीतल्या एका मुलाने रिकामं नळकांडं हातात घेतलं, तर त्यावर पांढरा हिमाचा थर. "सर, गॅस तर जोरात बाहेर पडला, मग हे गार का झालं?" आतल्या द्रवाचा वायू होताना तो उष्णता ओढून घेतो, एवढंच मी सांगितलं. दोन दिवसांनी त्याने स्वतःच विचारलं, की नळकांडं सुरुवातीलाच गार असेल तर आतला दाब कमी आणि गाडी हळू, असं होईल का? बरोबर होतं! सुप्त उष्मा मी वर्गात कितीदा शिकवला असेल, पण असा प्रश्न तिथे कधीच आला नव्हता.

आडवा_प्रश्न
प्रसंग आवडला, मत पटलं नाही. तुमच्या संघात येणारी मुलं आधीपासूनच खेळणी उघडून बघणारी असतात. ती पुढे अभियंता झाली तर श्रेय स्पर्धेला कसं द्यायचं?

दुसरं म्हणजे पैसा. सीएनसी, बेअरिंग, थ्रीडी प्रिंटर, प्रवास, स्टॉलची सजावट. प्रायोजक मिळवणं हा स्पर्धेचाच भाग मानतात, पण ज्या मुलांच्या घरच्यांची कुठे ओळख नाही त्यांनी प्रायोजक आणायचा कुठून? आणि तिसरं, जे उघडपणे कोणी बोलत नाही: कित्येक आराखड्यांवर मोठ्यांचा हात फिरलेला असतो. एका संघाच्या मुलांना मी पुढच्या पंखाचा कोन तेवढाच का ठेवला हे विचारलं. मुलं गप्प, उत्तर मार्गदर्शकाने दिलं.

शिवाय इशारा मिळाल्यावर गाडी सोडायचं बटण दाबायला माणसाला साधारण 0.2 सेकंद लागतात. चांगल्या गाड्यांमधला फरक त्याहून खूप कमी. मग आपण नक्की काय मोजतोय?

खटपट
शेवटच्या मुद्द्याचं आधी सांगतो. प्रतिक्रियेची वेळ आणि गाडीची वेळ वेगळी नोंदवतात, त्यामुळे गाडीचा कस लागतोच. मोठ्यांच्या हाताबद्दल मात्र वाद घालणार नाही, तो रोग आहे. माझ्याकडे नियम आहे, माउसला हात फक्त मुलांचा. त्यामुळे आमची पहिली गाडी सुटताच पुढचा एक्सल, म्हणजे चाकं जोडणारा दांडा, निखळला होता. त्या मुलांनी पुढचा आठवडा कुणी न सांगता फक्त एक्सलवर घालवला.

दुसरा_गिअर
मी या स्पर्धेत दोन वर्षं होते, आज यंत्र अभियंता आहे. तरी मला दोघांशीही भांडायचंय.

पहिल्या वर्षी संघात दोन मुली होतो. आम्हा दोघींना न विचारता पोर्टफोलिओ, म्हणजे संघाच्या कामाची मांडणी करणारी पुस्तिका, आणि रंगसंगती दिली. मुलं आराखडा आणि यंत्रावर. वाईट हेतू कोणाचाच नव्हता, म्हणूनच ते कोणाला खटकलंही नाही. मी वर्षभर सुंदर पानं बनवली आणि गाडीचं चाक एकदाही हातात धरलं नाही.

दुसऱ्या वर्षी मी चाकं मागून घेतली. तेव्हा कळलं, की चाकाच्या कडेपाशी असलेलं एक ग्रॅम वजन ढकलायला जवळजवळ दोन ग्रॅमइतकं जड पडतं, कारण ते पुढेही न्यायचं असतं आणि फिरवायचंही. आम्ही कडा पातळ केल्या, मग एक चाक चिरलं, मग परत जाड केल्या. किती पातळ म्हणजे पुरे, हा प्रश्न आजही माझ्या नोकरीत रोज समोर येतो.

'आडवा_प्रश्न', मी आधीपासून खेळणी उघडणारी नव्हते. 'खटपट', तुमच्या संघात कामं कोण वाटतं?

काटकोन
मी वेगळंच सुचवतो. उंदराच्या सापळ्याची स्प्रिंग लावलेली गाडी करा. ऊर्जा सगळ्यांना सारखी. स्प्रिंगला जोडलेला, दोरीने चाकं फिरवणारा दांडा लांब ठेवला तर ओढ कमी, पण गाडी सावकाश लांबवर जाते. आखूड ठेवला तर झटका मोठा आणि चाकं जागीच घसरतात. अख्खा वर्ग एकाच दिवशी करू शकतो. निवडक सहा जणांसाठी एवढा खर्च कशाला?

खटपट
सापळ्याची गाडी मलाही आवडते. पण तिथे काम एका दुपारी संपतं. इथे मुलं महिनोन्‌महिने एकाच वस्तूशी झगडतात. वेग दुप्पट झाला की हवेचा अडथळा चौपट होतो, हे सूत्र त्यांना तिसऱ्या-चौथ्या गाडीला अंगात मुरतं. तो चिवटपणा एका दुपारी येत नाही.

'दुसरा_गिअर', कामं मुलं आपापसात वाटतात आणि मी त्यात पडत नाही. हाच माझा मोठेपणा समजत होतो. तुमचं वाचल्यावर गेल्या सहा संघांची आठवण काढली. पोर्टफोलिओ पाच वेळा मुलीकडेच होता. हे माझ्या नजरेतून सुटायला नको होतं.

आडवा_प्रश्न
प्रामाणिकपणे मान्य केलंत, बरं वाटलं. खर्चाचा प्रश्न मात्र तसाच आहे. काटकोन यांची गाडी आधी सगळ्या वर्गाला करायला द्या. घंटा झाल्यावरही जी मुलं मागे रेंगाळतील त्यांना संघात घ्या, गुणपत्रिका बघू नका.

खटपट
पुढच्या सत्रात तसंच करतो. आणि प्रत्येकाने निदान एक महिना चाकांवर काम करायचं, हेही.

दुसरा_गिअर
आणि प्रत्येकाने एक महिना पोर्टफोलिओवर. मुलांनीसुद्धा.