कोळी, कातीण, कोळिष्टक, जळमट: नेमके कशाला काय म्हणावे?

प्रश्न:
आमच्या वसाहतीतील मुलांसाठी घरात आणि बागेत दिसणाऱ्या कोळ्यांचे एक सचित्र माहितीपत्रक तयार करत आहे. 'कोळी' हा शब्द मासेमारीशी जोडून समजावून सांगितला तर चालेल का? 'कातीण' हा कोळीच की वेगळा जीव? 'कोळिष्टक' आणि 'जळमट' हे शब्द 'जाळे' या अर्थाने सरसकट वापरावेत का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद:
मासेमारीशी जोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. जाळे टाकणारा तो कोळी आणि जाळे विणणाराही कोळी, ही जुळणी चटकन सुचते खरी. परंतु संस्कृतात 'कौलिक' म्हणजे विणकर (पंचतंत्रात लाकडी गरुडावर बसून विष्णूचे सोंग घेणारा कौलिकच आहे), आणि प्राकृतातील 'कोलिअ' हा शब्द विणकर व हा आठ पायांचा जीव अशा दोन्ही अर्थांनी येतो. म्हणजे भिंतीवरच्या कोळ्याला हे नाव त्याच्या विणकामावरून मिळालेले दिसते. 'कातीण' हा शब्दही कोळी याच अर्थाचा असून 'कातणे' या क्रियापदाशी त्याचे नाते उघड आहे. मुंडकोपनिषदात ऊर्णनाभि, म्हणजे कोळी, सूत बाहेर सोडतो आणि पुन्हा आत घेतो असा दृष्टान्त आहे. चक्राकार जाळे विणणारे अनेक कोळी जुने जाळे खाऊन टाकतात आणि त्याच जागी नवे विणतात, हे ज्याने पाहिले आहे त्याला तो दृष्टान्त किती बारीक निरीक्षणातून आला असेल हे जाणवते.

माहितीपत्रकात मात्र एक गोष्ट आवर्जून सांगावी: सूत सगळेच कोळी काढतात, पण जाळे सगळे विणत नाहीत. घरात दिवसा खिडकीच्या चौकटीवर वा भिंतीवर टुणटुण उड्या मारणारा छोटा केसाळ कोळी शिकारीसाठी जाळे विणतच नाही. आपण जवळ गेलो की तो थांबतो, वळतो आणि समोरच्या दोन मोठ्या डोळ्यांनी थेट आपल्याकडे पाहतो. झेप घेण्यापूर्वी तो बुडाकडचा धागा पृष्ठभागाला चिकटवतो, त्यामुळे नेम चुकला तरी लोंबकळत राहतो आणि त्याच धाग्याने वर येतो. मुलांना ओळख करून द्यायची तर सुरुवात याच कोळ्यापासून करावी.

रात्री स्वयंपाकघरात दिसणारा मोठा, चपटा, तपकिरी कोळीही जाळे विणत नाही. तो झुरळे पकडतो. त्याची मादी अंड्यांची पांढरट चपटी चकती पोटाखाली धरून हिंडते. 'कातीण' हा स्त्रीलिंगी शब्द हल्ली मागे पडत चालला आहे, तो निदान या मादीच्या चित्राखाली वापरावा अशी माझी सूचना आहे.

आता जाळे, कोळिष्टक आणि जळमट. 'जाळे' म्हणजे कोळ्याचे वापरातले विणकाम. छताच्या कोपऱ्यात लांब, केसासारख्या बारीक पायांचे जे कोळी उलटे लटकलेले असतात, त्यांचे जाळे विस्कटलेले व अनियमित असते. धक्का लागला की ते अंग इतक्या वेगाने हलवतात की नीट दिसेनासे होतात, आणि त्यांची मादी अंड्यांचा पुंजका तोंडात धरून बसते. असे जाळे सोडून दिले गेले, त्यावर धूळ बसली, की त्याचे कोळिष्टक होते. 'जळमट' हा शब्द धूळ आणि काजळी धरून लोंबणाऱ्या धाग्यांना अधिक शोभतो, आणि म्हणूनच जुन्या समजुतींची जळमटे झटकण्याची भाषा रूढ झाली. दसऱ्याच्या साफसफाईत आपण काढतो ती कोळिष्टके किंवा जळमटे. बागेत दोन झुडपांमध्ये ताणलेल्या चक्राला कोळिष्टक म्हणणे मात्र अन्यायाचे आहे. त्या चक्राच्या मध्यभागी डोके खाली करून, पाय दोन-दोनच्या जोडीने फुलीसारखे पसरून बसलेला कोळी दिसला आणि जाळ्यात नागमोडी पांढरी पट्टी दिसली, तर तो 'सिग्नेचर स्पायडर'. पावसाळ्यानंतर सह्याद्रीच्या जंगलवाटांवर 'जायंट वुड स्पायडर'चे जाळे उन्हात सोनेरी चमकते; त्यावरची मोठी आकृती मादीची असते, आणि तिच्या आसपास जो चिमुकला जीव दिसतो तो तिचे पिल्लू नसून नर असतो.

पूरक प्रश्न:
मनःपूर्वक आभार. अंगावर लाल पुरळ उठून फोड आले की 'कोळी मुतला' असे आमच्याकडे म्हणतात. हा वाक्प्रयोग पत्रकात घ्यावा का?

प्रतिसाद:
घ्यावा, पण खुलाशासह. कोळी आणि त्वचेचा विकार यांचा संबंध आपल्याकडे फार जुना आहे. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात लूतांचे, म्हणजे कोळ्यांचे, सोळा प्रकार सांगून त्यांच्या विषाचे स्वतंत्र विवेचन केले आहे. परंतु पावसाळ्यात रात्री दिव्याकडे येणारा, केशरी-काळ्या पट्ट्यांचा, मुंगळ्यासारखा दिसणारा एक बारीक भुंगेरा अंगावर चिरडला गेला की त्याच्या शरीरातील द्रवाने त्वचा भाजल्यासारखी होते, आणि दुसऱ्या दिवशी तिथे जळजळणारा लांबट पट्टा उठतो. हा दोष पुष्कळदा निरपराध कोळ्याच्या माथी मारला जातो. तेव्हा वाक्प्रयोग द्यावा, शेजारी त्या भुंगेऱ्याचे चित्र द्यावे, आणि तो अंगावर बसल्यास चिरडू नये, फुंकर मारून उडवावा व ती जागा साबणाने धुवावी, एवढे लिहावे. शिवाय कोळ्याला कुठेही 'कीटक' म्हणू नये, कारण कीटकाला सहा पाय असतात आणि कोळ्याला आठ. 'अष्टपाद' हा शब्द मुलांना अवघड वाटणार नाही.