जिंकणं आणि कॉलेजचा अभिमान

'हरणाऱ्या टीमसाठी कोण ओरडणार?' या प्रश्नावर मला कॅलटेक आठवलं. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या पॅसाडेनातलं हे कॉलेज नोबेलवाल्यांचं; पदवीचे विद्यार्थी जेमतेम हजार, खेळाची शिष्यवृत्ती शून्य. त्यांचा बास्केटबॉल संघ १९८५ पासून आपल्या गटातले सलग ३१० सामने हरला. तीनशे दहा! तरी दरवर्षी पोरं उतरायचीच, संघ बंद केला नाही. शेवटी २२ फेब्रुवारी २०११ ला ऑक्सिडेंटल कॉलेजला ४६-४५ असं एका गुणाने हरवलं आणि प्रेक्षक थेट मैदानात घुसले.

आमच्या कॉलेजात मात्र दोन वर्षं करंडक आला नाही म्हणून कबड्डीचा संघच गुंडाळला. मॅटचं पुढे काय झालं, कुणालाच माहीत नाही.