इंटरव्ह्यूला बोलावतात आणि ऑफिसात कोणालाच पत्ता नसतो : इंदूरकरांनो, तुमचे अनुभव लिहा

मंडळी, हा धागा मुद्दाम काढतेय. मागच्या महिन्यात विजय नगरला एका कंपनीत अकाउंट्सच्या पोस्टसाठी गेले होते, तो राग अजून उतरलेला नाही. एचआरच्या मुलीने फोनवर 11 ची वेळ दिली, मी लोकमान्य नगरहून साडेनऊलाच निघाले कारण पलासियाला कधी अडकाल सांगता येत नाही. रिसेप्शनवर माझं नावच नाही, आणि जिने फोन केला ती त्या दिवशी सुट्टीवर. गार्डने रजिस्टरमध्ये लिहायला लावलं, तर माझ्या वरच्या दोन ओळींतही इंटरव्ह्यूच लिहिलेलं आणि आउट टाइमचा रकाना रिकामा, म्हणजे ती दोघंही आत कुठेतरी बसलेलीच. दीड वाजता अकाउंट्सचे हेड बाहेर आले, कानाला फोन, मला बघून म्हणाले, "आज तो बीस तारीख है, आज किसने बुला लिया आपको?"

ज्यांनी अकाउंट्समध्ये काम केलंय त्यांना लगेच कळेल. 20 तारीख म्हणजे जीएसटीआर-3बी, म्हणजे जीएसटीचा महिन्याचा रिटर्न, भरायचा शेवटचा दिवस, पोर्टल रडत असतं, पार्ट्यांचे फोन चालू, इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) जुळत नसतं, मान वर करायला फुरसत नसते. त्या माणसाला मी दोष देणार नाही. पण अकाउंट्सचा इंटरव्ह्यू ठेवताना अकाउंट्सच्या साहेबांना विचारायचं नाही, हे कसं काय? शेवटी सेल्सच्या एका सरांनी बोलावलं, टॅलीवर एक प्रश्न नाही, टार्गेटचं प्रेशर झेपेल का एवढंच विचारलं. नंतर मेल केला, फोन केला, होय नाही आणि नाहीही नाही. मी आत्ताच्या ऑफिसात बिनपगारी रजा टाकून गेले होते हो. नको असेल तर एक ओळ लिहायला काय जातं?

तुमच्याकडे असं काही असेल तर लिहा. कंपनीचं किंवा माणसाचं नाव मात्र नको.

राऊवाला

ताई, पीथमपूरचा ऐका. डिप्लोमा मेकॅनिकल, वॉक-इनची जाहिरात व्हॉट्सअॅपवर आली, कंपनी रोल, म्हणजे थेट कंपनीची नोकरी, असं स्पष्ट लिहिलेलं. सकाळी पोहे खाऊन गाडीने निघालो, गेटवर सिक्युरिटी म्हणे पास नाही तर आत नाही, पास एचआर काढणार आणि एचआरचा फोन स्विच ऑफ. उन्हात आम्ही बरेच जण उभे, एक मुलगा तर धारहून पहाटेच्या बसने आलेला, त्याच्या फाइलीत सगळ्या मार्कशीट ओरिजिनल, घामाने हात ओले म्हणून ती फाइल तो शर्टाच्या आत धरून उभा होता. मग कोणीतरी येऊन सांगितलं की इंटरव्ह्यू दुसऱ्या सेक्टरच्या प्लांटला आहे. तिथे गेलो तर टेबलावर कंपनीचा माणूसच नाही, ठेकेदाराचा सुपरवायझर. पगार 18,000 म्हणाला, नीट विचारल्यावर कळलं की त्यात पीएफचे 12 टक्क्यांचे दोन्ही हिस्से, माझाही आणि मालकाचाही, वर ईएसआयचे (कामगार विम्याचे) दोन्हीकडचे पैसे, सगळं धरलेलं, हातात साडेतेरा हजाराच्या आसपास. ठेकेदारीत काम करायला माझी ना नाही, घरची परिस्थिती तशी आहे. पण मग जाहिरातीत तसं लिहा ना यार, धारच्या त्या पोराचं बसभाडं कोण देणार?

जुन्या राजवाड्याजवळची

माझ्या वेळी तर रंगपंचमीलाच इंटरव्ह्यू ठेवला होता! एचआर बसते गुरुग्रामला, ऑफिस राजवाड्याच्या मागच्या गल्लीत. मी लगेच मेल केला की मॅडम त्या दिवशी इथे लोकल सुट्टी असते, गेर म्हणजे रंगांची मिरवणूक निघते, रस्ते बंद असतात, दुसरी तारीख द्या. उलट मेल आला की कन्फर्म केलं नाही तर उमेदवारी रद्द. बाबा म्हणाले जाऊ नकोस, मी गेले, कारण रद्द झालं असतं तर डोक्यात राहिलं असतं. निघाले तेव्हाच रंगाचे टँकर लागायला लागले होते, चौथ्या मजल्यापर्यंत गुलाल उडवतात ती मशीनं ट्रकवर चढवत होते, आणि ऑफिसचं शटर खाली. कुलपासकट फोटो काढून मेलला जोडून पाठवला. संध्याकाळी आलेला मेल वाचून रडू आलं, लिहिलं होतं उमेदवार हजर राहिली नाही. फोटो पाठवूनही! पोर्टलवर माझ्या नावापुढे अजून तसंच दिसतंय.

भरतीच्या पलीकडून

मी स्वतः रिक्रूटमेंटमध्ये काम करतो, म्हणून आतलं थोडं सांगतो, समर्थन म्हणून अजिबात नाही. बऱ्याचदा पोस्टची मंजुरी यायच्या आधीच जाहिरात टाकली जाते, मंजुरी अडकली की उमेदवाराला सांगायचं कोणी हे कोणाचंच काम नसतं. दुसरं, एकच जागा तीन-चार कन्सल्टन्सींना दिलेली असते, ज्याचा माणूस लागला त्याला वर्षाच्या पगाराच्या 8.33 टक्के, म्हणजे साधारण एक महिन्याचा पगार मिळतो, हा रेट नेहमीचा आहे. त्यामुळे जो तो धडाधड माणसं पाठवतो, ऑफिसात विचारलं की नाही हे बघत नाही. राजवाड्याच्या ताई, तुम्ही त्या फोटोचा मेल एचआरच्या वरच्या माणसालाही टाका, ती नोंद बदलता येते, मी बदललेली आहे. आणि राऊच्या दादा, जायच्या आधी एकच विचारायचं, ऑफर लेटर कोणाच्या लेटरहेडवर येणार? 21 नोव्हेंबर 2025 पासून नवे लेबर कोड (कामगार कायदे) लागू झालेत, त्यात नियुक्तीपत्र द्यायलाच लागतं, ठेकेदाराकडचा असला तरी. तोंडी बोलण्यावर जॉइन होऊ नका.

सुखलियाची बाई

शाळांचं पण लिहिते, तिथे तर कोणी बोलतच नाही. गणिताची जागा, डेमो लेसनला बोलावलं. एक तास घेतला, मुलं छान होती, अपूर्णांक शिकवले. मग समन्वयक मॅडम म्हणाल्या, आठवीचाही घ्या, मग सहावीचा, मग जेवणाच्या सुट्टीनंतर अजून दोन वर्ग. मुलांनीच सांगितलं की गणिताच्या टीचर आठवडाभर नाहीयेत. म्हणजे रिकाम्या तासिकांना फुकट बाई मिळाली. ऑफिसात बसल्यावर पहिला प्रश्न, लग्नाला किती वर्षं झाली, घरी काही प्लॅनिंग आहे का. मी सांगितलं, मॅटर्निटीची 26 आठवड्यांची रजा कायद्याने मिळते, तुम्ही हे विचारून मला गाळू शकत नाही. त्यावर फाइल बंद. घेतलेल्या तासांचं मानधन लेखी मागितलंय, अर्जाच्या कॉपीवर क्लार्कचा शिक्का आणि तारीख घेऊन आलेय. प्राचार्य म्हणतात मॅनेजमेंटला विचारतो. पुढच्या सोमवारी परत जाणार आहे.