वाचनकक्ष मोडून 'डिजिटल ज्ञानकेंद्र' कशासाठी?

देवघेव_काउंटर
काल इथे विश्रामबागकर सरांनी लिहिलं की सांगलीतल्या कॉलेजांनी छापील पुस्तकांची खरेदी थांबवावी, वाचनकक्षातली टेबलं काढावीत आणि तिथे चाळीस संगणक, आरएफआयडीचं (पुस्तकातली चिप ओळखणारं) गेट, टचस्क्रीन असं 'डिजिटल ज्ञानकेंद्र' उभारावं. शेवटी त्यांनी लिहिलं, "सगळं ज्ञान नेटवर आहे, ग्रंथपालांनी कपाटांच्या किल्ल्या सोडाव्यात." बावीस वर्षं ग्रंथालयात काढल्यावर हे मनाला लागलं, म्हणून सविस्तर लिहिते.

किल्ल्या आम्ही केव्हाच सोडल्या. आमच्याकडे मुक्तप्रवेश आहे, वाचक स्वतः कपाटातून पुस्तक काढतो. कोहा हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर आम्ही दोघींनीच बसवलं. उन्हाळ्याच्या सुटीत एकेक पुस्तक हातात घेऊन, धूळ झटकून बारकोड चिकटवले. संगणकाशी माझं वैर नाही. माझा राग नियोजनावर आहे. कॉलेजांना श्रेणी देणाऱ्या नॅकच्या तपासणीची तारीख जवळ आली किंवा ३१ मार्चला निधी परत जायची भीती वाटली की मग आपल्याला डिजिटल ग्रंथालय आठवतं. तीन कोटेशनं येतात, यंत्र येतं, डेड स्टॉकला म्हणजे टिकाऊ वस्तूंच्या वहीत नोंद होते, फीत कापली जाते. दुसऱ्या वर्षी देखभाल कराराचे पैसे अंदाजपत्रकात नसतात आणि टचस्क्रीनवर टेबलक्लॉथ पडतो. तो काढून दाखवायला मी केव्हाही तयार आहे.

लांब जतहून येणाऱ्या मुलाला साडेचारची एसटी गाठायची असते. तुमच्या चाळीस संगणकांवर तो बसणार कधी? त्याला घरी मोबाइलवर वाचता यायला हवं. एन-लिस्ट ही कॉलेजांना ई-पुस्तकं आणि ई-नियतकालिकं पुरवणारी योजना नेमकं तेच देते. अनुदानित कॉलेजला वर्गणी आहे वर्षाला ५,००० रुपये आणि वर जीएसटी. त्याला ना इमारत लागते ना गेट. लागतो तो मुलांची नावं भरून, पासवर्ड देऊन, कसं वापरायचं ते शेजारी बसून शिकवणारा माणूस. तो माणूस निवृत्त झाला की त्याची जागा वर्षानुवर्षं भरली जात नाही. आधी ती भरा.

विश्रामबागकर
मॅडम, तुम्ही माझं एकच वाक्य धरून बसलात. २५ नोव्हेंबर २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' मंजूर केलं, म्हणजे सरकारी उच्चशिक्षण संस्थांना संशोधनाची नियतकालिकं एकाच वर्गणीत. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी, ३० प्रकाशक, १३,००० च्या आसपास नियतकालिकं. सरकार एवढं पुढे गेलं आणि आपण अजून टेबलांवर भांडतोय.

माझ्या मुलीला प्रोजेक्टसाठी एक शोधनिबंध हवा होता. ग्रंथालयातून उत्तर आलं, "विभागप्रमुखांच्या सहीची चिठ्ठी आणा." सर रजेवर. तीन दिवस गेले. शेवटी पुण्याच्या मैत्रिणीने पाच मिनिटांत पाठवला. त्या दिवसापासून मला कपाट आणि किल्ली हे शब्द नकोसे झालेत.

आणि छापील पुस्तकांवर एवढं प्रेम असेल तर २०१९ चा ऑगस्ट आठवा. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. नगर वाचनालयाची हजारो पुस्तकं भिजली. पीडीएफ भिजत नाही.

कृष्णाकाठ
सर, पीडीएफ नसेल भिजत, सर्व्हर भिजतो. मी पाहिलाय.

कॉलेजचं नाव सांगत नाही. तेव्हा मी तिथे ग्रंथालय परिचर होतो. सर्व्हर तळमजल्यावर, ऑफिसच्या मागच्या खोलीत. बॅकअपची हार्ड डिस्क त्याच टेबलाच्या खणात. पाणी उतरल्यावर आम्ही आत गेलो तेव्हा भिंतीवर छातीएवढी मातीची रेघ होती. पुस्तकं फुगून रॅकमध्ये अशी घट्ट बसलेली की ओढून निघेनात. शेवटी पहारीने रॅकच्या पट्ट्या उचकटल्या. गुळगुळीत कागदाच्या ॲटलासांची तर वीट झालेली. बारकोडचे कागद लगद्यासारखे हाताला लागत होते.

मग ओळख पटवायची कशावरून? दाखल क्रमांकावरून, म्हणजे पुस्तक नोंदवहीत चढवताना दिलेल्या आकड्यावरून. तो नावाच्या पानावर असतो, तसाच प्रत्येक ग्रंथालयाच्या ठरलेल्या गुप्त पानावरही असतो. शाईचा, हाताने घातलेला. दाखल नोंदवह्या माळ्यावर होत्या म्हणून वाचल्या. नुकसानीची यादी आम्ही त्या वह्यांवरून केली. संगणकातलं एक अक्षर मिळालं नाही.

कुपवाडचा_नेटवर्कवाला
हा संगणकाचा दोष आहे का? बॅकअप गावाबाहेर ठेवा, हे मी कॉलेजांना घसा कोरडा होईपर्यंत सांगतो. एका खरेदी समितीत क्लाउड बॅकअपचं बिल ठेवलं तर मला विचारलं, "वस्तू कुठाय? दिसत नाही तर डेड स्टॉकला नोंद कशी करायची?" बिल नामंजूर. त्याच सभेत प्रवेशद्वाराच्या एलईडी बोर्डाला एका मिनिटात मंजुरी. पूर २००५ ला आला, २०१९ ला आला, २०२१ ला पुन्हा आला. तरी सर्व्हर तळमजल्यावरच!

देवघेव_काउंटर
दादा, बॅकअपचं तुमचं बरोबर आहे. पण तुमच्या व्यवसायातल्याच एकाने आमचा कॅटलॉग जुन्या फॉन्टात टाइप करून दिला होता, कुठल्याही संगणकावर शोधता येणाऱ्या युनिकोडमध्ये नाही. मुलं शोधात 'ज्ञानेश्वरी' टाकायची आणि उत्तर यायचं शून्य. कपाटात अकरा प्रती! सगळ्या मराठी नोंदी आम्ही पुन्हा टाइप केल्या. त्याचे पैसे कुणी दिले?

कुपवाडचा_नेटवर्कवाला
एकाने केलं ते माझ्या माथी मारू नका. कामाच्या आदेशात 'युनिकोड' हा शब्द होता का? नसेल तर ती चूक आदेश काढणाऱ्याची.

देवघेव_काउंटर
नव्हता. कारण आदेश काढताना ग्रंथपालाला विचारलंच नव्हतं! काल संध्याकाळपासून मी हेच तर सांगतेय.

विश्रामबागकर
तुम्ही सगळे पुरातच अडकलात. साधा प्रश्न आहे. जी आहेत ती पुस्तकं स्कॅन करा आणि मुलांना द्या. अडचण काय?

जुना_मराठीवाला
कायद्याची अडचण आहे. लेखक गेल्यानंतर साठ वर्षं हक्क राहतो. बी.ए.ला लावलेली बहुतेक पुस्तकं त्यात येतात, ती स्कॅन करून सर्व्हरवर टाकता येत नाहीत. ज्या १३,००० नियतकालिकांचा तुम्हाला अभिमान आहे, त्यांतली बहुतेक इंग्रजीत आहेत. माझ्या एम.ए.च्या विद्यार्थिनीला संतसाहित्यावर लिहायचं असतं, तिने त्यात काय शोधावं? आपल्याच जिल्ह्यांतले जुने अंक, संस्थांचे अहवाल, स्मरणिका यांचे हक्क सुटलेत किंवा विचारले तर सहज मिळतील. ते स्कॅन करा. मराठी विश्वकोशाचं काम शेजारच्या वाईत झालं, आज तो कुणालाही फुकट नेटवर वाचता येतो. शोधगंगेवर देशभरातले प्रबंध आहेत. हे आमच्या किती मुलांना माहीत आहे? मी वर्गात विचारलं, साठांत चार हात वर आले.

आटपाडीकर
मी एम.ए.ला आहे. टेबलं काढू नका एवढंच सांगायचंय. आमच्याकडं घरात एकच खोली, टीव्ही कायम चालू. आम्ही सात-आठजण सकाळी सातला वाचनकक्षात येतोय, एमपीएससीचा अभ्यास तिथंच. संगणक ठेवा की, पण बसायची जागा घालवून नको. आणि मॅडम, ते एन-लिस्ट काय आहे? दोन वर्षं झाली, आम्हाला कुणी सांगितलंच नाही.

विश्रामबागकर
ठीक आहे. टेबलं काढा हे मी मागे घेतो. खरेदी थांबवा हेही निम्मं मागे, मराठीची पुस्तकं घ्या. आरएफआयडी मात्र हवंच, त्यावर मी ठाम आहे. आणि सही आणा म्हणणाऱ्यांबद्दल तुम्ही अजून चकार शब्द काढलेला नाही, मॅडम.

देवघेव_काउंटर
काढते. ते चुकीचंच होतं. वाचकाचा वेळ वाचवावा हा ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांनी १९३१ साली घालून दिलेला नियम आहे आणि सहीसाठी तीन दिवस लावणाऱ्या ग्रंथालयाने तो मोडला. त्यात मी कुणाची बाजू घेणार नाही. आरएफआयडीचं म्हणाल तर दिवसाला साठ पुस्तकांच्या देवघेवीला बारकोड पुरतो. त्याच पैशात एक सहायक ग्रंथपाल किती महिने ठेवता येईल, हिशेब तुम्हीच करा.

आटपाडीकर, उद्या तुमच्या ग्रंथपालांकडे जा आणि "एन-लिस्टला माझं नाव घाला" म्हणा. नाव, वर्ग, ईमेल कागदावर लिहूनच न्या. तुमच्या कॉलेजची वर्गणी चालू आहे का तेही विचारा.

आटपाडीकर
विचारतो. बंद असली तर?

देवघेव_काउंटर
तर इथे लिही. प्राचार्यांना द्यायचा अर्ज मी लिहून देते, तुमच्या सात-आठजणांच्या सह्या घे.